आंबणे आणि आंबवणे

प्रयोजक क्रियापदाचा पाठ शिकवताना आम्ही ‘बसणे-बसवणे’, ‘हसणे-हसवणे’ अशी ठरलेली उदाहरणे फळ्यावर लिहितो. त्यांत एक जोडी सहसा येत नाही : ‘आंबणे’ आणि ‘आंबवणे’. वास्तविक प्रयोजकाचे सामर्थ्य इतक्या ठसठशीतपणे दाखवणारी दुसरी जोडी सापडणे अवघड. भात आंबला तर तो टाकून देतात. पीठ आंबवले तर त्याच्या इडल्या होतात. दोन्ही ठिकाणी घडते ते बरेचसे एकाच जातीचे. सूक्ष्मजीव पदार्थातल्या पिष्टावर, साखरेवर जगतात आणि मागे आम्ल ठेवतात. फरक मधल्या एका ‘व’चा. आंबणे आपोआप होते, आंबवणे कोणीतरी करते.

आपल्या भाषेला जुन्या अन्नाबद्दल एकच एक मत नाही, हेही यानिमित्ताने नोंदवण्याजोगे. ‘शिळ्या कढीला ऊत’ म्हणताना ती तुच्छतेने बोलते. तीच भाषा लोणचे मुरले की सुखावते, आणि मुरलेल्या गवयाला, मुरलेल्या राजकारण्याला निदान वचकून असते. गोव्यातले सोरपोतेल करणारी गृहिणी ते त्याच दिवशी वाढायला राजी नसते. व्हिनेगर आत शिरायला दोन-तीन दिवस जावेच लागतात, असे ती सांगते. म्हणजे जुनेपणाचे आपल्याला वावडे नाही. जुने झालेले शिळे कधी ठरते आणि मुरलेले कधी, एवढाच प्रश्न आहे.

हा प्रश्न आम्हांला केवळ स्वयंपाकघरापुरता नाही. आम्ही दोघेही कोल्हापूर परिसरातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. विषय एक, विभाग एक, आणि गेली कित्येक वर्षे पुस्तकेही बरीचशी तीच. अभ्यासक्रम बदलतो तेव्हा दोन पुस्तके जातात, दोन येतात. पण ज्ञानेश्वरीचा एखादा अध्याय, तुकोबांचे निवडक अभंग, केशवसुत, मर्ढेकर ही वारी चुकत नाही. २०२४ च्या जूनमध्ये विशेष स्तराला मराठी घेणारे विद्यार्थी अकरा भरले. कार्यभाराचा तक्ता मांडला तेव्हा आमच्या दोघांपैकी एकाच्या नावापुढे पेन्सिलीने ‘अतिरिक्त’ असा शब्द लिहिला गेला. पेन्सिलीने, म्हणजे खोडता येईल अशा बेताने. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला केंद्र शासनाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर केला. स्टाफरूममध्ये पेढे वाटले गेले. एकाच शैक्षणिक वर्षात आमची भाषा अभिजात आणि आमच्यातला एक जण अतिरिक्त, असा हा योग होता.

अशा मनःस्थितीत दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पोलंडमधल्या व्रोत्सवाफ या शहरी गेलो. आमची भाची तिथे एका संगणक कंपनीत नोकरीला आहे. तिने तिकिटे आधीच काढून ठेवली होती, म्हणून जाणे झाले. पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी चहा घेताना तिने सहज विचारले, “मामा, तुम्हांला दोघांनाही तेच ते शिकवून कंटाळा नाही का येत? आमच्याकडे दोन वर्षांपूर्वीचं काही हाताळावं लागलं तरी लोक नाकं मुरडतात.” प्रश्नात टोमणा नव्हता. त्यामुळेच तो टाळता आला नाही आणि त्याचे उत्तरही लगेच देता आले नाही. उत्तराची दिशा पुढे एका पातेल्यापाशी सापडली, ती हकिगत सांगण्यासाठी हे टिपण.

व्रोत्सवाफविषयी आधी थोडे सांगायला हवे. १९४५ पर्यंत हे शहर जर्मनीत होते आणि त्याचे नाव ब्रेस्लाउ होते. महायुद्धानंतर सीमा पश्चिमेकडे सरकल्या. इथले जर्मन रहिवासी गेले आणि त्यांच्या घरांत देशाच्या अन्य भागांतून आणि सोव्हिएत संघात गेलेल्या पूर्वेकडच्या मुलखातून आलेले पोलिश लोक राहू लागले. त्यांत ल्वूफ शहराकडचे लोक पुष्कळ होते. ते ल्वूफ आज युक्रेनमध्ये आहे. माणसांबरोबर त्यांच्या वस्तूही आल्या. बाजारचौकातला नाटककार फ्रेद्रो याचा पुतळा मूळचा ल्वूफचा, तो इथे १९५६ साली उभा राहिला. १८१७ साली ल्वूफमध्ये स्थापन झालेले ओस्सोलिनेउम हे ग्रंथालयही युद्धानंतर, त्याच्या संग्रहाचा एक भाग घेऊन, इथेच आले. आणि त्या संग्रहात आदाम मित्स्क्येविच याच्या ‘पान तादेउश’ या महाकाव्याचे हस्तलिखित होते. त्या एका काव्यासाठी २०१६ पासून बाजारचौकात स्वतंत्र संग्रहालय आहे. एका काव्यासाठी एक अख्खी इमारत, या कल्पनेनेच आम्ही पहिल्या दिवशी तिकडे वळलो.

हे काव्य पॅरिसमध्ये १८३४ साली प्रसिद्ध झाले. बारा सर्ग, तेरा-तेरा अक्षरांच्या सयमक ओळी. कवी त्या वेळी परागंदा होता. त्याचा जन्म आजच्या बेलारूसमधल्या नोवोग्रुदेक परिसरातला. पोलंड हा देशच १७९५ पासून नकाशावर नव्हता, आणि मित्स्क्येविचने आयुष्यात कधी वॉर्सा पाहिले नाही. अशा माणसाने परक्या शहरात बसून आपल्या मुलखातल्या १८११ आणि १८१२ मधल्या काही दिवसांचे वर्णन केले. त्यात शिकारी आहेत, भांडणे आहेत, लग्न आहे आणि खाणे तर पावलोपावली आहे. दुसऱ्या सर्गातल्या न्याहारीच्या वेळी वयस्क स्त्रिया कॉफी पिऊन झाल्यावर साय घातलेली गरम बिअर घेऊन बसतात, तिच्यात ताज्या चीजचे तुकडे तरंगत असतात. बिअर ही केवळ गुत्त्यातली वस्तू असे मानणाऱ्या आपल्याकडच्या वाचकाला हे दृश्य थोडे थबकवते.

चौथ्या सर्गात अस्वलाची शिकार आटोपल्यावर जंगलातच कढया चढतात आणि ‘बिगोस’ शिजतो. बिगोस म्हणजे आंबवलेला कोबी आणि नाना प्रकारचे मांस यांचा मंद आचेवर शिजवलेला दाट रस्सा. बिल जॉन्स्टन यांच्या २०१८ साली निघालेल्या इंग्रजी भाषांतरात आम्ही हा भाग वाचून ठेवला होता. तिथे कवी पहिल्यानेच हात टेकतो. बिगोसची चव, रंग आणि वास शब्दांत उतरणार नाहीत, शब्द आणि यमके तेवढी कानी पडतील, शहरी पोटाला आतला ऐवज कळायचा नाही, अशा अर्थाचे तो म्हणतो आणि मग कृती मात्र बारकाईने देतो. कवितेने आपली मर्यादा कबूल केली असे म्हणून आपण पुढे जाऊ शकतो. आम्हांला मात्र ते वाचताना आमच्या वर्गाचीच आठवण झाली. जात्यावरची ओवी शिकवताना जाते कसे असते हे सांगावे लागते, दळणाचा आवाज तोंडाने काढून दाखवावा लागतो, आणि तरी ओवीतला पहाटेचा थकवा मुलांपर्यंत पोहोचला की नाही याची खात्री नसते.

भाचीच्या खालच्या मजल्यावर तिच्या घरमालकीणबाई राहतात. वय सत्तरीच्या पुढे. पोलिश भाषेत ‘पान’ म्हणजे श्रीयुत आणि ‘पानी’ म्हणजे श्रीमती. भाची त्यांना नुसते ‘पानी’ म्हणते, आम्हीही तसेच म्हणू लागलो. पानींची आजी ल्वूफकडची. १९४६ च्या सुमारास मालगाडीतून इकडे आली. संग्रहालयातून परतल्यावर आम्ही बिगोसचा विषय काढला, तर पानींनी आमच्याकडे जरा परीक्षकाच्या नजरेने पाहिले आणि भाचीकरवी कळवले की, खायचा असेल तर तीन दिवस लागतील, आणि करायला मदत करावी लागेल.

३० ऑक्टोबरला त्यांच्याबरोबर आम्ही हाला तार्गोवा या १९०८ साली बांधलेल्या बाजाराच्या इमारतीत गेलो. कमानींचे उंच छत आणि खाली भाज्या, मांस, चीज, फुले यांचे गाळे. एका गाळ्यावर कोबीचे पिंप होते. पानींनी चिमूटभर तोंडात टाकला, मान हलवली आणि दुसऱ्या गाळ्यावर गेल्या. तिथला पसंत पडला. आम्ही भाचीला विचारले, याला शब्द काय? ती म्हणाली, ‘किशोना कापुस्ता’. मग पानींनी जे समजावून सांगितले ते ऐकून आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. पोलिशमध्ये पदार्थ आपोआप आंबतो त्याला ‘किस्नोंच’ हे क्रियापद आणि माणूस आंबवतो त्याला ‘किशिच’. ‘किशोना’ हे दुसऱ्यापासून आलेले. म्हणजे आमचा तो ‘व’ त्यांनाही ठाऊक होता. व्हिनेगर ओतून एका दिवसात आंबट केलेला कोबीही बाजारात मिळतो; त्याला पानी कोबी म्हणायलाच तयार नव्हत्या.

आंबवण्याची रीत ऐकायला सोपी आहे. शरदात गड्डे निघाले की ते बारीक चिरायचे आणि वजनाच्या दोन ते अडीच टक्के मीठ घालून चोळायचे. म्हणजे दहा किलोला दोनशे ते अडीचशे ग्रॅम. पूर्वी खेड्यांतून हे काम शेजारणी जमून करत आणि मोठ्या पिंपातला कोबी धुतलेल्या पायांनी तुडवत. मिठाने कोबीला पाणी सुटते, त्या पाण्याखाली तो वजन ठेवून बुडवायचा आणि तीन ते सहा आठवडे वाट पाहायची. काही जण शहाजिऱ्यासारखे कॅरवेचे दाणे, गाजर, सफरचंद घालतात. विरजण लागत नाही, कारण जिवाणू कोबीच्या पानांवर आधीच असतात. मीठ एवढेच करते की कुजवणाऱ्या जिवाणूंना अडवून धरते आणि आम्ल तयार करणाऱ्यांना वाट मोकळी करून देते. मीठ फार कमी पडले तर कोबी मऊ पडून सडतो, फार जास्त झाले तर कामाचे जिवाणूही अडखळतात.

यातला एक तपशील आम्हांला विशेष वाटला. सुरुवातीचे काम करणारे ल्यूकोनोस्टॉक नावाचे जिवाणू आम्ल आणि वायू तयार करतात, हवा बाहेर घालवतात आणि काही दिवसांत, आम्ल टक्क्याच्या आसपास पोहोचले की, स्वतःच तयार केलेल्या त्या आंबटपणात मरून जातात. त्यांच्यामागून लॅक्टोबॅसिलस कुळातले, अधिक आम्ल सोसणारे जिवाणू काम पुरे करतात. पहिल्यांनी पाया घातल्याशिवाय दुसऱ्यांना पिंप ताब्यात घेता येत नाही. ज्यांच्या नावापुढे पेन्सिलीने ‘अतिरिक्त’ लिहिलेले आहे, त्यांनी हा तपशील कसा वाचला असेल हे वाचकांनी ताडावे.

बिगोसचा इतिहासही शिळे-ताजे या वादाला धरूनच आहे. पोलिश भाषेत छापलेले पाककृतींचे सर्वांत जुने उपलब्ध पुस्तक म्हणजे स्तानिस्वाफ चेर्न्येत्स्की याचे, १६८२ सालचे. त्यात बिगोस आहे. मात्र त्यात कोबी नाही. तेव्हा बिगोस म्हणजे बारीक चिरलेले मांस किंवा मासे, आणि आंबटपणासाठी लिंबू, व्हिनेगर असले उमरावी जिन्नस. ज्यांना लिंबू परवडत नव्हते त्यांनी आंबटपणासाठी पिंपातला कोबी घातला आणि मांस कमी केले. अठराव्या शतकात या गरीब प्रकाराला ‘बिगोस हुलतायस्की’, म्हणजे भटक्या-टवाळांचा बिगोस, असे नाव पडले. एकोणिसाव्या शतकात टवाळांचा बिगोस हाच बिगोस झाला, राष्ट्रीय काव्यात जाऊन बसला, आणि लिंबाचा बिगोस पुस्तकात राहिला. नाव तेच राहिले; आतला आंबटपणा मात्र ज्यांच्या घरी जो होता त्यांनी तो आणून घातला.

प्रत्यक्ष कृती अशी झाली. ३० च्या रात्री तीस ग्रॅम वाळवलेली रानअळंबी कोमट पाण्यात भिजत घातली. ३१ ला सकाळी पाऊण किलो डुकराच्या खांद्याचे मांस आणि पाव किलो गोमांस चौकोनी तुकडे करून चरबीवर लालसर परतले, दोन कांदे परतले. अर्धा किलो ताजा कोबी पानींनी वेगळ्या भांड्यात उकडून घेतला. तो किशोना कापुस्ताबरोबर एकदम का टाकत नाही, हे त्यांना विचारावे लागले नाही. आम्लात भाजी लवकर मऊ होत नाही. आपल्याकडेही चिंच-कोकम डाळ शिजल्यानंतरच घालतात. मग एक किलो आंबवलेला कोबी, अळंबी तिच्या पाण्यासकट, ज्युनिपरची पाच-सहा निळसर फळे, ऑलस्पाइसचे दाणे, मिरी आणि लॉरेलची तीन पाने, जी दिसायला आपल्या तमालपत्रासारखी पण जातीने वेगळी.

बिअरचा मुद्दा इथे येतो. बहुतेक घरांत बिगोसमध्ये लाल वाइन ओततात. पानींच्या घरी आजीपासून काळी बिअर. त्यांनी बाल्टिक पोर्टर जातीची अर्धा लिटरची बाटली आणली होती, काळसर, दाट, भाजलेल्या माल्टच्या वासाची. निम्मी बाटली त्यांनी मांस परतलेल्या पातेल्यात ओतली आणि लाकडी उलथन्याने बुडाला धरलेली खरवड सोडवली. सारी चव त्या खरवडीत असते. उरलेल्या निम्म्या बाटलीला झाकण लावून ती बाजूला ठेवली. फिकट, कडवट बिअर त्यांना चालत नाही, कारण रस्सा आटतो तसा हॉप्सचा कडूपणाही दाट होत जातो. माल्टची गोडी मात्र कोबीच्या तीक्ष्ण आंबटपणाची धार मोडते. तीन तास मंद आचेवर शिजल्यावर पातेले झाकून बाल्कनीत ठेवले. बाहेरचे तापमान शीतकपाटाच्या आसपासचे होते.

पातेले बाहेर गेले तेव्हा आमच्या ध्यानात आले की, कांदा आणि तो अर्धा किलो कोबी सोडला तर यात चवीला म्हणून घातलेले ताजे असे काहीच नाही. कोबी जिवाणूंनी आंबवलेला, बिअर यीस्टने आंबवलेली, अळंबी वाळवलेली, आणि दुसऱ्या दिवशी पडायचे होते ते क्येउबासा नावाचे सॉसेज आणि आलुबुखार दोन्ही धुरावलेले. शरदात सहा घरांनी सहा रीतींनी राखून ठेवलेल्या वस्तू एका पातेल्यात भेटत होत्या.

१ नोव्हेंबरला त्या वर्षी आपल्याकडे लक्ष्मीपूजन होते आणि पोलंडमध्ये सर्व संतांचा दिवस. दुकाने बंद असतात आणि सारा देश दफनभूमीकडे चाललेला असतो. पानींनी सकाळी पातेले आत आणून तासभर तापवले, सॉसेजचे काप आणि आठ-दहा आलुबुखार घातले, चव पाहिली, आणि आम्हांला घेऊन आजीच्या थडग्यापाशी गेल्या. काचेच्या पणत्यांसारखे दिवे हजारोंनी लागलेले होते. घरी पणत्या लावूनच आम्ही निघालो होतो. कोणाच्या तरी परक्या दफनभूमीत उभे राहून दिवाळी आठवावी, हा प्रसंग सांगायला सोपा नाही, म्हणून वाढवत नाही.

तिथेच पानींनी विचारले, तुम्ही भारतात कुठले? आम्ही कोल्हापूर म्हटले, आणि त्या थांबल्या. वळिवडे हे नाव त्यांना ठाऊक होते. १९४० आणि ४१ साली सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधून, म्हणजे मित्स्क्येविचचा मुलूख ज्यात येतो त्याच पट्ट्यातून, लक्षावधी लोक सायबेरियात आणि मध्य आशियात हाकलले. १९४२ मध्ये त्यांतले पुष्कळ जण जनरल आंदर्स यांच्या सैन्याबरोबर इराणमध्ये बाहेर पडले, आणि त्यांतल्या सुमारे पाच हजारांना १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत आसरा मिळाला. बहुतेक स्त्रिया, मुले आणि म्हातारी माणसे. तिथे त्यांनी पोलिश शाळा चालवल्या, नाटके केली, मुलांना पोलिश कविता शिकवल्या. ते गेल्यावर त्याच जागी फाळणीत घरे गमावलेले सिंधी कुटुंबांनिशी आले. आजचे गांधीनगर ते हेच. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात पोलिश लोकांचे स्मारक आहे आणि वॉर्सात २०१७ पासून कोल्हापूरचे. या स्मारकावरून आम्ही शेकडो वेळा गेलो आहोत. वळिवड्याच्या उन्हात, देश नकाशावर राहील की नाही याची शाश्वती नसताना, एखादी पोलिश शिक्षिका त्याच त्या तेरा अक्षरांच्या ओळी मुलांकडून म्हणवून घेत असेल, हा विचार मात्र तोवर मनात आला नव्हता. तिच्या वर्गात किती मुले होती, हे कोणी तिला विचारले नसावे.

२ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी, बाटलीतली उरलेली बिअर पातेल्यात गेली आणि दीड तासाने बिगोस ताटात आला. सोबत राईचा काळसर पाव. चवीचे वर्णन करण्याचे काम खुद्द मित्स्क्येविचने सोडून दिलेले असल्यामुळे आम्ही क्रम तेवढा सांगतो : आधी धूर, मग आंबट, मग फार उशिरा आणि हलके असे माल्टचे आणि आलुबुखारचे गोड. पहिल्या दिवशी चमच्याने चाखला होता तेव्हा प्रत्येक वस्तू वेगवेगळी बोलत होती. तिसऱ्या दिवशी मांस कुठे संपते आणि कोबी कुठे सुरू होतो ते कळत नव्हते.

जेवताना आम्ही पानींना आमची ‘शिळ्या कढी’ची म्हण भाचीकरवी समजावून सांगितली आणि विचारले की, तीन दिवस तापवूनही तुमचा हा पदार्थ शिळा कसा होत नाही? त्यांना प्रश्नच थोडा विचित्र वाटला. त्या म्हणाल्या की, नुसता तापवत राहिलात तर होईल की शिळा, बुडाला लागेल, करपेल. मी रोज चाखते. काय कमी पडले ते बघते, आणि रोज काहीतरी घालते. भाचीने हे भाषांतर करून सांगितले आणि ती स्वतःच क्षणभर गप्प राहिली. तिने आपला प्रश्न पुन्हा विचारला नाही, आणि आम्हीही उत्तर म्हणून काही बोललो नाही.

पण उत्तर मिळाले होते, आणि ते सोयीचे नव्हते. तेच ते शिकवतो म्हणून आम्ही शिळे, असे नव्हे. तेच ते शिकवतो म्हणून आपोआप मुरलेले, असेही नव्हे. अभिजात दर्जाने भाषेचे वय प्रमाणित होते. ते वय मुरण्याचे की नुसते लोटण्याचे, हे वर्गात ठरते. मीठ आधी लावावे लागते, म्हणजे मूळ संहितेची शिस्त, शब्दन् शब्द लावून घेण्याची सवय. ती पातळ केली की सगळे मऊ पडून सडते. मग काळ द्यावा लागतो. आणि रोज चाखून रोज काहीतरी घालावे लागते. ते घालायचे कुठून, हे टवाळांच्या बिगोसने सांगितलेच आहे. समोर बसलेल्यांच्या घरी जे आहे ते.

दुसऱ्या सत्रात आम्ही एक साधी गोष्ट सुरू केली. जुना पाठ जसाच्या तसा शिकवायचा, पण प्रत्येक पाठातले पाच शब्द मुलांनी घरी घेऊन जायचे आणि आजी, वडील, शेजारी, कोणीही ते कसे वापरतात ते विचारून यायचे. ज्ञानेश्वरीतला जो शब्द आम्ही इतकी वर्षे कोश उघडून सांगत होतो, तो चंदगडकडच्या एका मुलीच्या घरी भात लावणीच्या वेळी रोज वापरतात असे कळले. आणि तिच्या आजीचा अर्थ कोशापेक्षा नेमका होता. अशा शब्दांची एक वही झाली. पहिल्या वर्षी त्यात एकशे चाळीस नोंदी जमल्या. वही आता नव्या मुलांकडे गेली आहे. ती मुले मागच्यांच्या नोंदी खोडून दुरुस्त करतात, त्यांत भर घालतात, क्वचित भांडतातही.

‘अतिरिक्त’ हा शब्द अजून खोडला गेलेला नाही आणि शाईने गिरवलाही गेलेला नाही. पटसंख्या, कार्यभार, मंजूर पदे ही पिंपाबाहेरची हवा आहे. ती आमच्या हातची नाही. आमच्यापैकी एकाला जावे लागले तर दुसरा वही पुढे नेईल, आणि दोघांनाही जावे लागले तर ती मुलांकडेच असेल. असो. यंदाच्या प्रयोजक क्रियापदाच्या पाठाला मात्र फळ्यावर पहिली जोडी कोणती लिहायची, याबद्दल आमच्यात दुमत नाही.